गावातून नेलेली माहिती गावात परत

(महिला कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय कागदावर फार भारदस्त दिसतो : 'आरोग्यविषयक संशोधन लोकांपर्यंत पोचवण्यासाठी कथाकथन व दृश्यकला यांचा वापर'. मी यावर बोलायला चालले आहे असं आमच्या वस्तीतल्या बायकांना सांगितलं, तर एकीने विचारलं, "म्हणजे त्या एप्रनबद्दलच ना?" हो, त्या एप्रनबद्दलच. तो मी बरोबर आणला आहे, शेवटी दाखवते. पण त्याआधी थोडं मागे जाऊन बोलावं लागेल.

आपल्याकडच्या गावांतल्या बायकांनी आजवर किती प्रश्नावल्या भरून दिल्या असतील याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. मुलं किती, जगली किती, पाळी किती दिवसांची, अंगावरून जातं का, नवरा मारतो का. चूल पेटलेली असते, पोर कडेवर रडत असतं, आणि बाई उंबऱ्यात बसून उत्तरं देते. कागद शहरात जातो. तिथे त्याचे तक्ते होतात, अहवाल होतो, बहुतेक वेळा इंग्रजीत. एखादीला त्यावर डॉक्टरेटही मिळते. मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा असे पुष्कळ अहवाल वाचले आणि त्यातून पुष्कळ शिकले. पण जिच्या अंगातून ती माहिती निघाली तिला काय मिळालं? पुढच्या वर्षी दुसरी बाई दुसरी प्रश्नावली घेऊन येते. एका आजींनी मला तोंडावर सांगितलं होतं, "मागल्या साली सांगितलं की गं समदं. हरवलं का?"

हरवलं का, हा प्रश्न मला फार योग्य वाटतो.

अपवाद आहेत, आणि त्यातला मोठा अपवाद आपल्याच राज्यातला आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी आयुष्यात कधी आतून तपासणी झालेल्या? शंभरात आठ. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, मधलं काही नाहीच, असं सरकारही धरून चाललं होतं आणि पुष्कळ डॉक्टरही. तो समज या दोन गावांतल्या बायकांनी मोडला. महत्त्वाचं म्हणजे ही माहिती लंडनच्या नियतकालिकात छापून तिथेच राहिली नाही. स्त्रियांच्या जागरणाची आणि आरोग्याची जत्रा काढून ती गावागावांत नेली गेली. जत्रा म्हटल्यावर बाईला घरातून निघायला कारण मिळतं. 'गुप्तरोग मार्गदर्शन शिबिर' असा फलक लावून बघा, कोण येतं ते.

गडचिरोलीचीच आणखी एक गोष्ट मला आवडते. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. पण दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की मूल धोक्यात. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. याला कुणी कला म्हणणार नाही. मी म्हणते. एवढं मोठं शास्त्र बोटाखाली आणून ठेवायला हातात कलाच लागते.

दुसरं उदाहरण राजस्थानचं. अजमेर जिल्ह्यातल्या खेड्यांत स्त्रियांच्या आरोग्य शिबिरांमधून 'शरीर की जानकारी' नावाचं पुस्तक तयार झालं. १९८९ साली 'काली फॉर वुमन'ने ते छापलं. लिहिणाऱ्या म्हणून गावातल्या ७५ बायका. पहिल्या कच्च्या प्रतीत नेहमीप्रमाणे नागड्या बाईचं आणि नागड्या पुरुषाचं चित्र होतं. गावातल्या बायका म्हणाल्या, हे खोटं आहे, आमच्या गावात अशी बाई कधी दिसते का? शहरातल्या कार्यकर्त्यांना वाटलं असेल, आता आली लाजेची अडचण. पण बायकांनी शरीर झाकून टाका असं म्हटलं नाही. त्यांनी चित्राला घागरा घातला, ओढणी घातली, आणि घागऱ्याचा कागद उचलता येईल असा केला. वर उचललं की आतलं शरीर दिसतं. सगळं आहे, काहीही गाळलेलं नाही, पण उचलायचं की नाही ते बघणारीच्या हातात. मला वाटतं, आरोग्यशिक्षणावरची दहा पुस्तकं वाचून जे कळणार नाही ते त्या घागऱ्यात आहे.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. गाडगेबाबा कीर्तनातून स्वच्छता सांगत गावोगाव फिरले. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये रस्त्यावर आलं, आणि पुढे गर्भलिंगनिदानाच्या विरोधातल्या चळवळीत पथनाट्यं, गाणी, पोस्टरं यांचा केवढा वाटा होता हे इथे बसलेल्या ज्येष्ठ मैत्रिणींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या चळवळीच्या हातातही संशोधन होतं. १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करतात असं निघालं होतं. नुसता आकडा घेऊन रस्त्यावर उभं राहता येत नाही. त्याच्या मागे नाटक लागतं, ढोलकी लागते. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, १९९४ साली देशाने.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. लोककला म्हटलं की आपण फार लवकर हरखतो. हळदीकुंकवाला जोडून आरोग्याचा कार्यक्रम घ्यायची सूचना मला दर संक्रांतीला येते. बायका आयत्या जमतात हे खरं. पण ज्या विधवा आहेत त्या दाराबाहेर राहतात, आणि तपासणीची गरज त्यांनाही असते. तसंच भारूड, पोवाडा चांगलाच, पण गावात तो कोण सादर करतं, कुणाच्या ओट्यावर होतो, कुठली वस्ती तिथे बसू शकत नाही, हे आधी बघावं लागतं.

आता आमच्याकडे येते. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांबरोबर काम करते. दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामात फेडायची. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे तीनला उठणं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं, पाचटाची खोपी, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही यातलं काही चुकत नाही.

या बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणावर काढली जाते हे २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी तफावत केवढी आहे ते दिसतं. पुढे त्याच वर्षी जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं केलं गेलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या शस्त्रक्रियांबाबतच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला.

हे आकडे वस्तीत कसे सांगायचे? शंभरात सतरा म्हणजे बाईच्या डोळ्यांपुढे काय येतं? आम्ही एक जुनी सुती साडी घेतली. तिच्यावर बायकांनीच शंभर बायका काढल्या, पाच-सात दिवस लागले. कुणी नुसती रेघ आणि वर गोळा, कुणी पदरासकट. मग सतरा जणींच्या पोटावर टिकली लावायची. दुसऱ्या साडीवर तीन टिकल्या. दोन्ही साड्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्यासारख्या टांगल्या. मी गप्प बसले.

पहिली प्रतिक्रिया आली ती अशी : "सतराच?" आमच्या वस्तीत याहून जास्त आहेत, असं त्यांचं म्हणणं. मग एकेकीने उठून आपल्या वस्तीचा हिशेब टिकल्या लावून मांडायला सुरुवात केली. मोठी जाऊ, मधली जाऊ, शेजारीण, स्वतः. मैत्रिणींनो, समितीचा आकडा जिल्ह्याचा आहे, एखाद्या वस्तीत तो कमी-जास्त असणारच. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की टिकली हातात आल्यावर बायका आकडा तपासायला लागल्या. तोवर पिशवी काढणं ही ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट होती, जिचं तिचं नशीब. दोरीवर टांगल्यावर ते सगळ्यांचं मिळून काहीतरी झालं.

मग प्रश्न आला : का काढली? सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं कारण, अंगावरून पांढरं जातं. तालुक्याच्या गावातल्या कुठल्यातरी दवाखान्यात सोनोग्राफी होते, आणि वाक्य ठरलेलं असतं : पिशवीला सूज आहे, मुलं झाली, आता तिचं काम काय, ठेवलीत तर कॅन्सर होईल. भीतीपोटी उचल वाढवून घ्यायची, ऑपरेशन करायचं आणि ते फेडायला पुन्हा ऊस तोडायला जायचं.

इथे तीन वेगवेगळ्या प्रकारची माहिती लागते. आपल्या शरीराची, रोगाची, आणि कॅन्सरची. शरीरापासून सुरुवात केली. सरकारी कचेरीतून मिळालेलं एक पोस्टर होतं, त्यात गर्भपिशवी आणि दोन बाजूंच्या नळ्या, बाकी बाईच नाही. बायकांनी बघितलं आणि म्हणाल्या, बैलाचं मुंडकं आहे. खरंच तसं दिसतं, एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही. प्रशिक्षणांमध्ये तो जुना किस्सा सांगतात ना, भिंतीएवढा डास दाखवल्यावर लोक म्हणाले एवढाले डास आमच्याकडे नाहीत, त्यातलाच प्रकार. शरीराबाहेर काढलेला अवयव, मोठा करून दाखवलेला, बाणांनी जोडलेला, हे सगळं वाचायला शाळेत शिकावं लागतं. बाणाचा अर्थही शिकावा लागतो.

म्हणून एप्रन. जाड कापडाचा, गळ्यात अडकवून कमरेला बांधायचा. त्यावर आतले अवयव कापसाने भरलेले, प्रेसबटणाने लावता-काढता येतात. पोट, आतडी, लघवीची पिशवी, तिच्या मागे गर्भपिशवी, दोन बाजूंना बीजकोश. सगळं शिवणकाम वस्तीतल्या बायकांचं. गर्भपिशवी आम्ही पेरूएवढी केली, कारण मूल नसताना ती तेवढीच असते. तेवढ्यावरून अर्धा तास चर्चा झाली. पुष्कळजणींना वाटत होतं ती मोठी थैली आहे, जेवण जिथे जातं तिथेच शेजारी. एकीने विचारलं, काढल्यावर ती जागा मोकळीच राहते का, त्यात वारा भरतो का? दुसरीने बीजकोश हातात घेऊन विचारलं, "हे पण काढत्यात का?" काही वेळा काढतात. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही बीजकोश काढले तर शरीराला त्यांच्याकडून मिळणारी संप्रेरकं एकदम बंद होतात. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. हे वाचून दाखवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. पण एप्रनवरून तो छोटा कापडी गोळा काढून तिच्या हातात असताना सांगितलं, तेव्हा पिशवी निघालेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "म्हणून माझी हाडं दुखत्यात व्हय?" ते तपासून घ्यावं लागेल, हाडं दुखायला मोळी उचलणंही पुरेसं आहे, असं मी सांगितलं. तिला अंदाजाने हो म्हणून मोकळं होणं बरोबर नव्हतं.

रोगाची माहिती गोष्टीतून दिली. गोष्टीत एक ऊसतोड बाई आहे, तीस वर्षांची, तिच्या अंगावरून पांढरं जातं. नाव गोदावरी ठेवलं तर पहिल्याच दिवशी एक म्हणाली, बदला, ते माझ्या जावेचं नाव आहे आणि तिला वाटेल मीच तुम्हाला सांगितलं. वस्तीत नसलेलं नाव शोधायला वेळ लागला. शेवटी 'काशीबाय' ठरलं. तुम्हीही गोष्टीतल्या बाईला नाव देताना आधी विचारून घ्या.

गोष्ट दवाखान्याच्या टेबलापाशी थांबते. डॉक्टर म्हणतो, उद्या पैसे घेऊन या. पुढे काय, ते आम्ही सांगत नाही. बायका काशीबायला सल्ला देतात, आणि त्या सल्ल्यांच्या ओघात माहिती येते : कुठलं पांढरं जाणं नेहमीचं, कुठलं वासाचं, खाजेचं, दह्यासारखं असतं म्हणून औषध घ्यायचं; औषध बहुतेक वेळा गोळ्यांचं आणि स्वस्त असतं; काही संसर्गांत नवऱ्यानेही घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा होतं. पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हा इलाज नाही. यातली शेवटची ओळ मी कधीच उच्चारत नाही. कुणीतरी बाईच ती म्हणते.

'का, पण का?' हा खेळ आम्ही झारखंड-ओडिशाच्या अनुभवावरून घेतला. काशीबायला संसर्ग का झाला? ओलं फडकं वापरलं. का? वाळवायला जागा नव्हती. का? खोपीला आडोसा नाही, पाणी नाही. का? कारखाना देत नाही. मुकादमाला बोलता येत नाही. का? उचल. पाच-सहा प्रश्नांत गोष्ट बाईच्या अंगावरून कारखान्याच्या दारात पोचते. 'स्वच्छ राहा' म्हणणारं पोस्टर पहिल्याच प्रश्नाला थांबतं. हसऱ्या बाईच्या हातात साबण, खाली सुविचार. जिला अंघोळीला तांब्याभर पाणी मिळत नाही तिला हे चित्र सांगतं की चूक तुझी आहे. अशी चित्रं नसलेली बरी.

तिसरं, कॅन्सर. इथे आपल्या शेजारच्या जिल्ह्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद. १९९९ पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास झाला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. तीन प्रकारच्या तपासण्यांचे तीन गट, आणि चौथ्या गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ३१,४८८ बायकांमध्ये ६४. म्हणजे जवळपास निम्मे. जगभरच्या तज्ज्ञांनी या अभ्यासाचा आधार घेतला. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि मला ते रास्त वाटतात. ज्या ६४ जणी गेल्या त्या कुणाच्या तरी काकू, माम्या होत्या.

पण बघा, आमच्या बायकांना 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' म्हणून घाबरवलं जातं, आणि त्या भीतीचं उत्तर पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या बायकांच्या अंगावरच तयार झालेलं आहे. कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायची गरज नसते, तपासणी असते. हे उत्तर इंग्रजीत, अमेरिकेतल्या नियतकालिकात आहे. ते परत आणायला आम्ही तिसरी साडी करतो आहोत. तिच्यावर दोन गावं आहेत, एका गावात तपासणीची गाडी आली, एका गावात आली नाही. बायकांनी दुसऱ्या गावात चुली विझलेल्या दाखवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं करून उपयोग होतो का, असा प्रश्न पैसे देणारे विचारतात आणि आपणही विचारायला हवा. यावरही संशोधन आहे. नेपाळमध्ये मकवानपूर जिल्ह्यात बायकांच्या गटांनी चित्रांच्या पत्त्यांवरून बाळंतपणाच्या अडचणींची चर्चा केली. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे त्या भागात हजारी नवजात मृत्यू २६, तर जिथे गट नव्हते तिथे ३७. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेने आदिवासी भागात गोष्टी, चित्रं, खेळ वापरून दर महिन्याला बैठका घेतल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी, शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. औषध नाही, इंजेक्शन नाही. बायका बसून बोलल्या.

पण बांगलादेशात त्याच सुमारास तसेच गट केले, तर फरक दिसला नाही. तिथे एका गटामागे लोकसंख्या फार होती, गट विरळ पडले. मुंबईच्या झोपडवस्त्यांतही २०१२ च्या अभ्यासात फायदा आढळला नाही. २०१३ मध्ये सात अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ज्या ठिकाणी गरोदर बायकांपैकी निदान तीस टक्के गटात येत होत्या तिथे परिणाम ठळक दिसला. गोष्टीत जादू नसते. चार माणसं जमवून एकदा पथनाट्य करायचं, फोटो काढायचा, अहवालाला जोडायचा, याने काही होत नाही. महिन्यामहिन्याला, तीन-तीन वर्षं, निम्म्या नाही तरी तिसऱ्या हिश्श्याच्या बायका आल्या तर होतं. आमच्या बायका तर वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसतात. मग बैठका फडावर घ्याव्या लागतात, रात्री, कंदिलाच्या उजेडात, मुकादमाला काय सांगायचं ते ठरवून.

मुंबईचंच दुसरं उदाहरण मात्र वेगळं आहे. धारावीत २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'स्नेहा' संस्थेने कला आणि आरोग्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात वस्तीतल्या बायकांनी कापडाचा धारावीचा नकाशा केला होता, बायकांवर कुठे कुठे हिंसा होते ते दाखवणारा. आमच्या साड्यांची कल्पना तिथूनच थोडी आली. पोलीस ठाण्यात नोंदवलं न गेलेलं सुईदोऱ्याने नोंदवता येतं.

आणखी दोन गोष्टी सांगून थांबते. एक, आम्ही गोष्टीचं मोबाइलवर चित्रण करू देत नाही. बाई बोलता बोलता स्वतःचं सांगून जाते, आणि ते फिरत फिरत मुकादमाच्या, नवऱ्याच्या फोनवर पोचायला एक दिवस पुरतो. देणगीदारांना फोटो हवे असतात. साड्यांचे देतो, चेहऱ्यांचे नाही. यावरून आमच्या संस्थेतही वाद झालेत.

दोन, काशीबायची गोष्ट संपल्यावर एकदा मागे बसलेली बाई म्हणाली, "ज्यांची काढली त्यांनी काय ऐकायचं?" तिचं वय पस्तीसच्या आत. मग तिने आणि तिच्यासारख्या नऊजणींनी दुसरी गोष्ट केली. त्यात ऑपरेशन झालेली बाई आहे. ती घरातल्या पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याची फाइल शोधते, कारण बीजकोश काढले की ठेवले हे त्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, आणि पुढचा सल्ला त्यावरच ठरतो. कार्ड इंग्रजीत असतं, म्हणून ती शाळेतल्या पोरीला वाचायला लावते. ही गोष्ट सांगितल्यावर सात-आठ जणी घरी जाऊन पेट्या उघडून आल्या. चौघींकडे कागदच नव्हता, दवाखान्याने दिला नव्हता. आता तो मागण्याचे अर्ज चाललेत.

तिन्ही साड्या आणि एप्रन मागच्या टेबलावर मांडले आहेत. हात लावून बघा, बटणं काढून बघा, तुटली तर आम्ही परत लावू. दुसऱ्या गोष्टीचं शेवटचं चित्र रिकामं ठेवलं आहे. त्यात ती बाई कार्ड हातात घेऊन उभी आहे आणि समोर कोण असावं यावर आमच्याकडे एकमत होत नाही. काहीजणी म्हणतात सरकारी डॉक्टर, काहीजणी म्हणतात कलेक्टर, एक म्हणते मोठी मुलगी. तुम्हाला काही सुचलं तर तिथे पेन्सिल ठेवली आहे.